लढाईचे शब्द, मरणाची चाल

त्या दिवशी नदीवर बंदुका घेऊन जे पोलीस दबा धरून बसले होते, त्यांच्यात माझा बाप होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या आवारात ही गोष्ट निघाली की कुणीतरी माझ्याकडे बघून हसतंच. लेओन्स त्याचं नाव. तेव्हा तो पोलिसात नवा होता. पुढे तो आमच्याच आवारात, एका अंगणाभोवतीच्या खोल्यांतल्या एका खोलीत, राहायला आला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि मी इथंच वाढले. म्हणून मला ही हकिकत दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे: बापाकडून, आणि ज्या बाईजवळ त्याला बंदूक घेऊन उभं केलं होतं त्या तांती झेनोबीकडून. तांती म्हणजे मावशी. माझी सख्खी नव्हे, सगळ्या आवाराचीच.

झेनोबी पोर्ट ऑफ स्पेनमधल्या मोठ्या घरांचे कपडे धुवायची. अंगानं उंच, खांदे पुरुषासारखे, आणि बोलताना आवाज इतका हळू की पुढ्यातल्या माणसाला वाकावं लागायचं. पण ती आमच्या आवाराची शांत्वेल होती. कार्निव्हलच्या दिवसांत आमचे काठीवाले दुसऱ्या आवाराशी भिडायला निघत, तेव्हा सगळ्यांच्या पुढे राहून गाणारी जी बाई, ती शांत्वेल. ती ओळ टाकणार, मागच्या बाया ती झेलणार. काठी पुरुषाच्या हातात असली तरी जोर तिच्या गळ्यातून येतो, असं आमच्याकडे सगळे मानायचे. शांत्वेलचा सूर मोडला आणि त्याच क्षणी गड्याच्या कपाळावर काठी बसली, असं डोळ्यांनी पाहिलेली माणसं मला भेटली आहेत.

झेनोबीचा नवरा तेओदुल आवारातला पहिल्या नंबरचा काठीवाला. लग्न काही चर्चमध्ये लागलेलं नव्हतं, पण नवराच तो. झेनोबीचा धाकटा भाऊ फोस्तँ ढोल वाजवायचा. त्या वर्षापर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मग सरकारनं ढोलावर बंदी आणली. रस्त्यावर मशाली नकोत, आणि काठ्या घेऊन दहाजणांहून जास्त दिसले तर सरळ तुरुंग. दक्षिणेकडच्या एका गावात आदल्या कार्निव्हलमध्ये गोळ्याही चालल्या होत्या. पोलीस घरोघर शिरून ढोल फोडत होते. फोस्तँचे दोन ढोल त्याच्या डोळ्यांदेखत अंगणात चेचले. तिसरा त्यानं कुठं ठेवलाय ते बायकोलाही सांगितलं नाही.

"गाणं तर बंद नाही केलं ना?" झेनोबी म्हणाली.

"घाण गाणं बंद केलंय," फोस्तँ म्हणाला.

"घाण कुठलं ते कोण ठरवणार?"

"ज्याला आपली भाषा कळत नाही तो."

कार्निव्हलला दोन आठवडे असताना, एका शनिवारी लढत ठरली. कोरड्या नदीच्या खालच्या वळणावर, पलीकडच्या आवाराबरोबर. दोन्हीकडचे लोक दिवसाढवळ्या जमणार होते. पोलीस अंधारात शोधत फिरतात, दुपारी कोण येतंय, असा हिशोब. आमचे गडी टेकडीवरच्या बांबूच्या बेटात लपून राहणार. नदीवर आमच्या बाया नेहमीसारख्या धुणं धूत बसतील. रस्ता मोकळा असला की झेनोबी लढाईचं गाणं सुरू करील. ते ऐकून दोन्हीकडचे गडी खाली उतरतील. गाणं आलं नाही तर जागचं हलायचं नाही.

ही खूण कुणीतरी पोलिसांपर्यंत पोचवली. कुणी, ते कधीच कळलं नाही. संशय बऱ्याच जणांवर गेला आणि त्यातून दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते आजतागायत बंद आहे.

त्या दुपारी बाया गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. त्या दिवसांत नदीला पाणी कुठं असतं, दगडांच्या मधे साचलेले डोह तेवढे. झेनोबी, तिची मैत्रीण क्लोतील, आणि आणखी काही जणी. धोपटणी चालू होती. क्लोतील कुणाच्या तरी मालकिणीच्या परकराची नक्कल करून हसवत होती. तेवढ्यात ती मधेच गप्प झाली.

पोलीस आवाज न करता आले होते. दोन्ही काठांवरच्या झुडपांत शिरून त्यांनी बंदुका दगडांवर टेकवल्या. त्यांचा सार्जंट गिटन्स, बार्बाडोस बेटावरून आलेला काळा माणूस, बूट काढून हातात घेऊन पाण्याजवळ आला. हे बूट काढणं झेनोबीच्या कायम ध्यानात राहिलं. ती म्हणायची, "ज्याला बुटाचा आवाज नको असतो, तो माणूस विचार करून आलेला असतो."

"तूच ना ती गाणारी?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मी धुणारी, साहेब."

"धुताना गातेस ना?"

"कपडे फार मळके असले तर गाते. आज तुमच्याच अधिकाऱ्यांच्या चादरी आहेत, म्हणजे गावंच लागणार."

क्लोतीलनं ओठ दाबले. सार्जंट हसला नाही. त्यानं झाडीकडे हात करून माझ्या बापाला बोलावलं. बाप आमच्याच मुलखातला, आईच्या दुधाबरोबर पात्वा, आमची फ्रेंच वळणाची बोली, शिकलेला. म्हणून त्याला मुद्दाम आणलं होतं.

"ऐक," सार्जंट झेनोबीला म्हणाला. "वर कोण बसलंय ते मला ठाऊक आहे. तू गाशील, आणि ते येतील. नेहमी गातेस तेच गाणं. हा तुमची बोली जाणतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला, कुणाचं नाव घेतलंस, पळा म्हणालीस, तर हा मला सांगेल. मग तू आणि या सगळ्या बायका आज तुरुंगात. आणि गायलीच नाहीस तरी मी वर जाणार आहे. अंधार पडेपर्यंत त्यांना हुडकून काढीन. बांबूत समोरासमोर गाठ पडली तर गोळ्या कुणाला लागतील ते मी सांगू शकत नाही."

झेनोबीनं चादर पिळली, दगडावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा पिळली. माझा बाप तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तो सांगायचा, तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

वर टेकडीवर तेओदुल होता. गाणं ऐकलं की तो सगळ्यांच्या पुढे धावत येणार, हे तिला पक्कं माहीत होतं. घरी त्याची आई, म्हातारी मा रोझीन, अंथरुणाला खिळलेली. सकाळी झेनोबीनंच तिला पेज पाजली होती.

"गा," सार्जंट म्हणाला.

"धोपटणं चालू ठेवा गं," झेनोबी बायांना म्हणाली. आणि तिनं तोंड उघडलं.

शब्द लढाईचेच होते. आवारातल्या पोरासोरांना पाठ असलेले:

*दार उघडा, मी आलो.*
*अंगण झाडा, मी आलो.*
*काठी माझी उपाशी, मी आलो.*

पण चाल ती नव्हती. लढाईच्या गाण्यात ओळ शेवटाला वर चढते, जणू कुणी भिंतीवर उडी मारतंय. झेनोबीनं ओळ खाली सोडली. विहिरीत दोर सोडावा तशी सावकाश, आणि तळाला नेऊन थांबवली. आवारात कुणी मेलं की त्याच्या अंगणात अशी ओळ सोडतात. दुसऱ्या कुठल्या वेळी कुणी ती चाल तोंडातसुद्धा आणत नाही, गुणगुणतही नाही. आया पोरांना त्याबद्दल थोबाडीत मारतात.

एकाही बाईनं ओळ झेलली नाही. धोपटणी थांबली.

सार्जंटनं मान वर केली. "काय झालं? ह्या का गात नाहीत?"

झेनोबीनं तीच ओळ पुन्हा सोडली. डोळे चादरीवर. क्लोतील तिच्याकडे बघत राहिली. मग तिला समजलं. तिनं धोपटणं उचललं आणि मरणाच्या गाण्याला देतात तसं, एक श्वास थांबून, उत्तर दिलं: *मी आलो.* मग दुसरीनं दिलं. मग सगळ्यांनी.

माझा बापही अशाच दुसऱ्या आवारात जन्मलेला. आपल्या बापाच्या अंगणात त्यानं ही चाल ऐकली होती. तो थोडा वाकला आणि पात्वात, ओठ न हलवता, त्यानं विचारलं,

"तांती, कोण गेलं?"

दोन ओळींच्या मधे, श्वास घेता घेता, ती म्हणाली, "अजून कुणी नाही."

सार्जंट पाण्यात उतरला. "काय बोलली ती?"

"दम लागलाय म्हणते, साहेब."

"आणि शब्द?"

"शब्द तेच आहेत. एकही बदललेला नाही."

बाप हे सांगताना दर वेळी हात वर करायचा, शपथ घेतल्यासारखा. "मी खोटं बोललो नाही," म्हणायचा. "त्यानं मला शब्दांचं विचारलं होतं."

गाणं टेकडीवर पोचलं. तिथं काय झालं ते फोस्तँनं नंतर सांगितलं. पहिल्या ओळीला सगळे उठले, काठ्या हातात घेतल्या, आणि मधेच थबकले. शब्द एक सांगत होते, चाल दुसरं. फोस्तँनं ओळखलं. ढोल पोटाशी धरून तो खाली बसला आणि पुढच्या गड्याचा पाय त्यानं घट्ट पकडला. "हलू नका," तो म्हणाला. "शब्द तिच्याकडून म्हणवून घेतायत. चाल तिची आहे."

पण तेओदुलनं शब्द ऐकलेच नाहीत. त्याच्या कानावर चाल पडली, आणि घरी आई आजारी. त्यानं काठी टाकली. मयताच्या घरी काठी घेऊन जात नाहीत. आणि कुणी धरायच्या आत तो उतारावरून धावत सुटला.

नदीवर त्यांना आधी दगड घरंगळल्याचा आवाज आला, मग हाक: "आई! आई गं!"

"तयार!" सार्जंट म्हणाला. झाडीत खटके ओढल्याचे आवाज झाले.

झेनोबीला ओरडता येत नव्हतं. "थांब" म्हणाली असती तर सगळं उघड झालं असतं, आणि गप्प राहिली असती तरी झालं असतं. ती गात राहिली. गाता गाता चादर सोडून डोहातून चालायला लागली, ज्या बाजूनं तो येत होता त्या बाजूला, बंदुकांच्या आणि त्याच्या बरोबर मधे. सार्जंट ओरडला, "ए बाई, जागेवर!" ती थांबली नाही. तेओदुल झुडपांतून बाहेर पडला, छातीवर ओरखडे, दोन्ही हात रिकामे. तिनं त्याला मिठी मारली आणि तोंड त्याच्या कानाशी नेऊन गाणं संपवलं.

कुणीही गोळी झाडली नाही. सार्जंट टेकडीकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिला. दुसरा कुणी आला नाही. काठी न घेतलेला एक माणूस आणि धुणं धुणाऱ्या बाया, एवढंच त्याच्या हाती लागलं.

"हात दाखव," तो तेओदुलला म्हणाला. मग रिकाम्या हातांकडे बघून त्यानं बंदुकीचा दस्ता त्याच्या बरगडीत मारला. तेओदुल पाण्यात बसला. सार्जंटनं माझ्या बापाला फर्मावलं, "हिला बांध."

बापानं झेनोबीचे हात बांधले. तीही गोष्ट तो लपवायचा नाही.

अश्लील गाणं गाऊन शांतता भंग केली, असा आरोप ठेवला. कोर्टात मॅजिस्ट्रेटनं माझ्या बापाला गाण्याचे शब्द सांगायला लावले. दार उघडा, अंगण झाडा. इंग्रजीत ते अगदीच साधे वाटले. मॅजिस्ट्रेटनं सार्जंटकडे बघितलं, "यात अश्लील काय?"

"शब्दांत नाही, साहेब. ती ते कसं गाते त्यात आहे."

"मग गाऊन दाखवू दे."

बाप म्हणायचा, माझा जीव टांगणीला लागला. तिनं नदीवर गायलं तसंच हळू, खाली सोडून गायलं असतं तर ती त्याच क्षणी सुटली असती. पण झेनोबी कठड्याला धरून नुसती उभी राहिली. कारण मधल्या दिवसांत एक गोष्ट घडली होती. नदीवरच्या प्रसंगानंतर दुसऱ्याच सकाळी मा रोझीन गेली. आणि तेओदुल पोलीस चौकीच्या गजाशी येऊन तिला म्हणाला होता,

"तू तिला गाऊन बोलावलंस."

"मी तुझ्यासाठी गायले."

"ती जिवंत होती आणि तू तिचं मरण गायलंस. मला गोळी लागू द्यायची होतीस."

एवढंच बोलून तो गेला. त्यामुळे ती चाल आता तिच्या तोंडून येणं शक्यच नव्हतं. कोर्टात तिनं डोळे मिटले आणि गाणं जसं गायचं तसं गायलं. लढाईच्या चालीत, ओळ वर फेकून. कोर्टाच्या मागच्या बाकांवर आमचं अर्धं आवार बसलं होतं. क्लोतील स्वतःला आवरू शकली नाही. "मी आलो!" ती ओरडली, आणि मागोमाग सगळे. बाकांवर थापा पडल्या, शिपाई इकडून तिकडे धावले, मॅजिस्ट्रेटचा हातोडा कुणाला ऐकूच गेला नाही. कोर्टाचा अवमान म्हणून झेनोबीला तुरुंग झाला. कार्निव्हल तिनं आतच काढला, कैद्यांचे कपडे धूत.

माझ्या बापाला महिन्याभरात नोकरीवरून काढलं. कारण दिलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

ती सुटून आली तेव्हा तेओदुल आवारात नव्हता. दक्षिणेला उसाच्या मळ्यांवर निघून गेला होता. आणि तिच्या जागी फोस्तँ गात होता. ढोल वाजवता येत नाही म्हटल्यावर त्यानं गाणं धरलं होतं, आणि गळा वाईट नव्हता. त्यानं बहिणीला बसायला पेटी दिली, कोको पाजला, मग म्हणाला,

"ताई, आता तू पुढे राहू नकोस. पोलिसांची नजर तुझ्यावर. आणि लोकही बोलतात."

"काय बोलतात?"

"तुझं तोंड अपशकुनी म्हणतात. मा रोझीनचं..."

"लोक म्हणतात की तू म्हणतोस?"

फोस्तँ कोकोचं भांडं विसळायला लागला. ती उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बरेच दिवस ती फक्त नदीवर आणि घरी. धुतानाही गाईना. क्लोतील सांगायची, तिच्याशेजारी धुणं म्हणजे थडग्याशेजारी धुणं.

पुढच्या कार्निव्हलच्या तालमी सुरू झाल्या. अंगणात फोस्तँ उभा राहिला, मागे बाया. ढोल नव्हते, बाटल्या आणि बांबूचे तुकडे होते. त्यानं ओळ टाकली. ओळ चांगली होती, वरही चढली. आणि अंगण शांत. त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा टाकली. क्लोतील कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"झेला की!" तो म्हणाला.

"कुणाची ओळ?" क्लोतील म्हणाली. "तू टेकडीवर दडून बसला होतास, भाऊ. आम्ही खाली पाण्यात उभ्या होतो. तिथं बंदुकांच्या समोर तिच्या ओळीला उत्तर दिलं. आता तुला उत्तर हवं असेल तर आधी तिच्या दारावर जाऊन थाप मार."

"आणि अपशकुन?"

"त्या अपशकुनानं तू जिवंत आहेस. हवं तर परत कर."

कुणीतरी हसलं. फोस्तँ हसला नाही. मग तो गेला आणि बहिणीच्या दारावर थाप मारली. दार लगेच उघडलं नाही. तो दारातूनच बोलत राहिला. काय बोलला ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. शेवटी झेनोबी बाहेर आली, केसांना फडकं बांधत, आणि कुणाकडेही न बघता तिनं ओळ टाकली. बायांनी ती अशी झेलली की पलीकडच्या आवारातली कुत्री भुंकायला लागली.

त्यानंतर किती तरी कार्निव्हल तीच पुढे होती. आणखी दोनदा तुरुंगात गेली. तेओदुल एक दिवस परत आला, पाय मोडून, काठी आता चालण्यापुरती. ती त्याला जेवायला घालायची. ते एका खोलीत राहिले, पण मा रोझीनचा विषय त्यांच्यात कधी निघाला नाही, आणि कार्निव्हलच्या दिवशी तो घराबाहेर पडायचा नाही. त्यानं तिला माफ केलं का, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "तो माझ्या हातचं खातो. एवढंच मला कळतं."

मग दिवस बदलले. गाणं अंगणातून उठून तंबूत गेलं. बांबूचे खांब, वर पत्रे, बाकं, दारावर तिकीट. गाणारे सगळे पुरुष, गळ्यात टाय, गाणी इंग्रजीत. रस्त्यावर गाणाऱ्या बायका म्हणजे वाईट चालीच्या, असं भल्या घरांतून बोललं जायला लागलं होतं. तंबूवाल्यांना भल्या घरची गिऱ्हाइकं हवी होती. पण कार्निव्हल जवळ आला की त्यांतलेच काही जण झेनोबीच्या दारात येऊन बसायचे. "तांती, ती जुनी लढाईची चाल म्हण ना एकदा." ती म्हणून दाखवायची. ते घेऊन जायचे. मी चिडायचे.

"तुझं नाव घेतात का ते कुठं?"

"अगं, मी तरी कुठं घेतलं माझ्या आजीचं?"

एकदा मी, ती आणि क्लोतील तंबूत गेलो. शेवटचं बाक. तिच्या दारात बसणारा एक पोरगेला गवई उभा राहिला आणि त्यानं तिचीच चाल उचलली. ओळ वर फेकली आणि सवयीनं थांबला. तिकीट काढून बसलेले लोक गप्प. झेनोबीनं उत्तर दिलं. म्हातारपणीसुद्धा तो आवाज पत्र्याला जाऊन लागला. लोक माना वळवून हसले. "ए म्हातारे, बस खाली!" पुढून कुणी ओरडलं.

गवई थबकला. त्यानं टोपी काढली, बाकांवरून मागे बघितलं, आणि तीच ओळ पुन्हा टाकली. या वेळी क्लोतीलही उठली. मीही उठले. मधल्या बाकांवरची हातात पंखा घेतलेली एक बाई, जिला मी ओळखतही नव्हते, तीही.

खेळ संपल्यावर तंबूचा मालक दारात आला आणि म्हणाला, यापुढे गप्प बसणार असाल तरच या. झेनोबीनं त्याचं बोलणं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुढच्या शनिवारच्या तिकिटाचं विचारलं.